विजोड व्हॉल्व्ह

सासूबाई राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर सामान म्हणाल तर एक बॅग, एक उशी आणि सासऱ्यांचा ॲम्प्लिफायर, त्याच्या स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डच्या लवाजम्यासह. बॅग दाराशी ठेवली गेली ती दाराशीच राहिली. उशी पलंगावर गेली. ॲम्प्लिफायर मात्र हमालांनी जिन्यात दोनदा टेकवला, कठड्याचा एक टवका उडवला आणि शेवटी हॉलमध्ये अशा जागी आणून बसवला, की तिथून पुढे त्या घरात सोफा ठेवायचा कुठे हा कायमचा प्रश्न होऊन बसला.

घर वजनमापे खात्यातल्या एका निरीक्षकांचं होतं. त्यांना सगळे निरीक्षकच म्हणत. बायको एरवी 'अहो' म्हणे आणि रागावली की 'निरीक्षकसाहेब', त्यामुळे नुसत्या हाकेवरून त्यांना घरातली हवा कळे. हा गृहस्थ वर्षानुवर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडलेला. एका पारड्यात किलो, दुसऱ्या पारड्यात किलो, मध्ये काटा सरळ, एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा होती. जगाने ती फारशी मनावर घेतली नव्हती. मग घरात तरी असावं म्हणून बायकोने दोन कपांत चहा ओतला, की ते वाकून दोन्हीकडची पातळी बघत. बायकोने यावर उपाय म्हणून त्यांना पितळी पेल्यात चहा द्यायला सुरुवात केली होती.

अशा माणसाने तो ॲम्प्लिफायर उघडला.

ज्यांनी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी पेटी, तिच्यावर दोन जडशीळ ट्रान्सफॉर्मर, आणि पुढे ओळीने काचेच्या कुप्या. बारक्या कुप्या गाण्याला तयार करतात आणि मागच्या दोन मोठ्या त्याला स्पीकरमध्ये ढकलतात. या मोठ्या दोघांना म्हणायचं आउटपुटचे व्हॉल्व्ह. सगळा भार त्यांच्यावर, सगळी धग त्यांच्यात, आणि गाणं चांगलं वाजलं तर कौतुक गाणाऱ्याचं. सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला त्यांच्याबद्दल लगेच आपुलकी वाटावी असेच ते असतात.

त्या दोघांपैकी एक प्रवासात गेला होता. काचेच्या डोक्यावर आतून आरशासारखा चकचकीत डाग असतो, तो दुधासारखा पांढरा पडला होता. म्हणजे आत हवा शिरली, खेळ खलास. दुसरा धडधाकट होता. निरीक्षकांनी दोघांना उजेडात धरलं आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली. एकाचं बूड तपकिरी, दुसऱ्याचं काळं. एक उंच, एक जरा बुटका. कंपन्या निराळ्या, देशही बहुधा निराळे.

"अगं, ही जोडीच नाही!"

"नव्हतीच कधी," बायको म्हणाली. "एक गेला की बाबा एकच आणायचे. चालतोय तो कशाला फेकायचा, म्हणायचे."

सासरे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ केल्या आणि घरात आल्यावर शब्द म्हणून काढला नाही. संध्याकाळी खुर्चीत बसायचं, रेकॉर्ड लावायची, बस्स. असा काटेकोर माणूस दोन पारड्यांत दोन वेगळी मापं टाकून वर्षानुवर्षं गाणं ऐकत होता, हे पाहून निरीक्षकांना मनापासून वाईट वाटलं. जिवंत असते तर त्यांनी सासऱ्यांना नोटीसच काढली असती.

तरीही हे प्रकरण तिथेच मिटलं असतं. पेटी माळ्यावर गेली असती आणि सोफा जागेवर आला असता. पण त्याच आठवड्यात बायको डोळे पुसत त्यांच्यापाशी येऊन बसली.

"आई म्हणते, माझ्यासाठी एखादा वृद्धाश्रम बघ."

"का? इथे काय कमी आहे?"

"काहीच नाही म्हणते. तेच म्हणते. मला इथे काहीच नाही."

आणि खरं होतं ते. लेकीने आईला फुलासारखं ठेवलं होतं. स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नव्हती. 'तू आयुष्यभर केलंस, आता आराम कर,' असं म्हणून तिला हॉलमधल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसवत होती. सासूबाई त्या खुर्चीच्या कडेवर बसत, हात मांडीवर, जणू गाडी यायचीच आहे. बॅग दाराशी. जावयाला 'जावईबापू' म्हणून इतक्या अदबीने बोलत, की निरीक्षकांना स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वाटू लागलं होतं.

निरीक्षकांना बायकोचे डोळे भरलेले बघवत नसत. अशा वेळी त्यांच्या तोंडून काहीतरी मोठं निघून जाई. तसंच ते आताही गेलं.

"आईंना बाबांच्या यंत्राचा आवाज ऐकवतो. तोच, तसाच. मग जातात कशा ते बघू."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आता व्हॉल्व्ह शोधणं आलं.

समोरच्या दाराला दातांचे डॉक्टर राहत. त्यांच्या घरी परदेशी ॲम्प्लिफायर होता, आणि त्याच्याबद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगण्याची तयारी होती. ते तात्काळ आले. खिशातून दात बघायचा चिमुकला आरसा काढला, छोटी टॉर्च काढली आणि पेटीच्या प्रत्येक भोकात डोकावून पाहिलं. निरीक्षक उगाचच आ करून उभे होते.

"मशीन उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "पण हे काय? विजोड? एका पायात बूट आणि एका पायात चप्पल? निरीक्षक, आउटपुटला जोडीच हवी. एकाच कारखान्यातली, एकाच घाण्यातली, मोजून जुळवलेली. तुम्हाला मी हे सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. निरीक्षकांना पहिल्यांदा कुणीतरी आपल्या भाषेत बोलणारं भेटलं होतं. त्यांनी उरलेला काळ्या बुडाचा व्हॉल्व्ह बाजूला काढला. सासूबाईंनी तो गुपचूप उचलला आणि चमच्यांच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवला. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पहिली जोडी मिळाली जुन्या बाजारात. बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या यंत्रातली होती, असं विकणारा म्हणाला, आणि तो पहिल्यांदाच खरं बोलत असावा. कारण निरीक्षकांनी ती बसवली, बटण दाबलं, मागच्या दोन कुप्यांत आधी अंधुक आणि मग केशरी अशी तार उजळली, काचेच्या आतल्या भिंतीवर निळसर झाक चढली, आणि हॉलचा हॉल राहिला नाही. रेकॉर्ड एका जुन्या गायिकेची होती, सासऱ्यांच्याच संग्रहातली. निरीक्षकांनी ती बाई यापूर्वी मोबाईलवर ऐकली होती. तिथे ती गात होती. इथे ती आली होती. सुरू करण्याआधी तिने श्वास घेतला, तो निरीक्षकांच्या कानाजवळून गेला. ते खुर्चीत मागे सरकले. 'अरे बापरे,' एवढंच त्यांना म्हणता आलं. काचेच्या दोन कुप्यांमधून आणि तापलेल्या तारेतून एक माणूस असा सगळाच्या सगळा बाहेर येतो, हे त्यांना कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी विश्वास ठेवला नसता.

त्यांनी डोळे पुसून सासूबाईंकडे पाहिलं.

"छान आहे," सासूबाई अदबीने म्हणाल्या. "पण फार मोठा आहे. हा ह्यांचा नव्हे."

मोठा म्हणजे काय, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात डावा व्हॉल्व्ह आतून लाल व्हायला लागला. तार नव्हे, तिच्याभोवतीचा पत्राच. शेगडीसारखा लालबुंद. तो इतका देखणा दिसत होता, की निरीक्षक त्याच्याकडे बघतच राहिले, आणि ही देखणी गोष्ट म्हणजे मरणकळा आहे हे त्यांना उशिरा कळलं. फट् असा आवाज झाला. दोन्ही व्हॉल्व्ह गेले, घरचा फ्यूज गेला, आणि इमारतीतली तारही इमारतीच्याच वयाची असल्याने जिन्यातले दिवे आणि लिफ्टही गेली. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर होते. त्यांना बाहेर काढल्यावर ते घरी न जाता सरळ निरीक्षकांकडे आले.

"अर्थिंग," ते म्हणाले.

त्यानंतर मॅनेजर रोज येऊ लागले. सगळ्या जगाच्या दुखण्याला त्यांच्याकडे अर्थिंग हेच औषध होतं. भिंतीला ओल आली तरी अर्थिंग, सुनेचं पटलं नाही तरी अर्थिंग. जमिनीत खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरल्याशिवाय या घरात सूर लागणार नाही, असं ते डोळे मिटून सांगत. निरीक्षक तिसऱ्या मजल्यावर राहत असल्यामुळे खड्डा कुठे खणायचा हे मात्र ते सांगत नसत.

दुसरी जोडी डॉक्टरांच्या सल्ल्याने परदेशातून मागवली. नवी कोरी, मोजून जुळवलेली. निघाल्याचं कळलं, पोहोचल्याचं कळलं, आणि मग ती पार्सल कचेरीत बसली. निरीक्षक रजा टाकून गेले. खिडकीतल्या साहेबांनी खोका उघडून एक व्हॉल्व्ह दोन बोटांत धरला.

"हे काय?"

"व्हॉल्व्ह आहेत. गाण्याच्या यंत्रातले."

"पेटतं का?"

"पेटतं."

"म्हणजे दिवा."

"दिवा नाही हो. आवाज मोठा करतं."

"उजेड पडतो का?"

"थोडासा पडतो."

"मग थोडासा दिवा. दिव्यांची परवानगी आणा."

"अहो साहेब, मीही सरकारी माणूस आहे."

"मग तुम्हाला नियम माहीत असणार," साहेब गोड हसून म्हणाले.

निरीक्षकांना घाम फुटला. हे हसू त्यांच्या ओळखीचं होतं. ते स्वतः दुकानदारांसमोर हसत ते हेच. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते काउंटरच्या या बाजूने त्यांना दिसलं, आणि दुकानदार आपल्याला बघून दुकानाच्या मागच्या दाराने का जातात हेही उमगलं. दिव्यांच्या परवानगीसाठी ते दिव्यांच्या खात्यात गेले. तिथल्या बाईंनी ही वस्तू आमची नाही, तिला दोरी लागत नाही की खांब, असं सांगून त्यांना काचेच्या खात्यात पाठवलं. काचेच्या खात्यात जेवणाची सुट्टी होती. शेवटी पार्सलच्या साहेबांनाच दया आली, आणि ती जोडी 'शोभेच्या काचेच्या वस्तू' म्हणून सुटली. आयुष्यभर वस्तूंना योग्य नाव आणि योग्य वजन लावत आलेल्या माणसाने त्याखाली सही केली. बसमध्ये खोका मांडीवर घेऊन बसताना ते कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

पण घरी येऊन ती जोडी पेटली आणि सगळा अपमान धुऊन निघाला. पहिल्या जोडीत बाई सिनेमाच्या पडद्याएवढी होती. इथे ती बरोबर बाईएवढीच होती. समोर उभी, हात सोडून. तंबोऱ्याच्या तारा एकेक वेगळ्या मोजून घ्याव्यात इतक्या सुट्या. आणि गाणं थांबलं की शांतता कशी, तर पुसलेल्या पाटीसारखी. यंत्र चालू आहे की नाही हे हात लावून बघावं लागे. तेच यंत्र, तीच रेकॉर्ड, तीच सुई, नुसत्या दोन कुप्या बदलल्या आणि माणूस बदलतो! निरीक्षक त्या कुप्यांपुढे गुडघ्यावर बसले होते. बायको म्हणाली, "अहो, जरा मागे व्हा, केस जळतील." एकदा तर त्यांनी हातच लावला. बोटाला टरारून फोड आला. तोही त्यांनी कौतुकाने पाहिला.

"आई, आता?"

सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. रेकॉर्ड संपली, सुई उचलली गेली. त्या जरा पुढे झुकल्या, जणू आणखी काहीतरी यायचंय. काही आलं नाही.

"छानच आहे हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही किती खटपट केलीत. पण हा ह्यांचा नव्हे."

"काय कमी वाटतं, आई? जाड हवा? पातळ हवा?"

"मला नाही सांगता येणार, जावईबापू. मला गाण्यातलं काही कळत नाही."

त्या संध्याकाळी बायकोने वृद्धाश्रमाचा फोन नंबर मिळवला. लावला नाही, पण मिळवला. निरीक्षकांना ते दिसलं.

डॉक्टरांचा स्वाभिमान आता निरीक्षकांपेक्षा जास्त दुखावला होता. त्यांनी शिफारस केलेली जोडी नापास होते म्हणजे काय! त्यांनी शेवटचा उपाय जाहीर केला. त्यांच्या स्वतःच्या यंत्रातले व्हॉल्व्ह. पन्नासच्या दशकातले, मोजून जुळवलेले, कापसात ठेवलेले. ते स्वतः घेऊन येतील, आणि दोन्ही जोड्यांची रीतसर तुलना होईल. पडद्याआड. कोणती जोडी वाजतेय हे कुणाला दिसता कामा नये, नाहीतर डोळे कानांना फितवतात.

रविवारी संध्याकाळी तुलना ठरली. बायकोला दोन्ही हात वर करून ॲम्प्लिफायरपुढे चादर धरून उभं राहायचं होतं. डॉक्टर आपली जोडी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून आले. मॅनेजरना कुणी बोलावलं नव्हतं, तेही आले आणि ॲम्प्लिफायरला चिकटून, बदली करायला निरीक्षकांना जिथे वाकावं लागणार बरोबर तिथे, स्टुलावर बसले. सासूबाई आपल्या चांगल्या खुर्चीच्या कडेवर.

आधी परदेशी जोडी वाजली. मग बदली करायची म्हणून निरीक्षक चादरीआड गेले. सासूबाई उठल्या.

"एवढी माणसं आलीत. मी चहाचं बघते."

"आई, तू बस! मी करते," चादरीमागून बायको ओरडली. पण तिचे दोन्ही हात वर अडकलेले होते. सासूबाई आत गेल्या. या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी सगळ्यांदेखत स्वयंपाकघरात पाऊल टाकलं.

इकडे निरीक्षकांनी बायकोचा भांडी उचलायचा जाड हातमोजा चढवला आणि गरम व्हॉल्व्ह उपटला. मोजा आतून मऊ आणि बाहेरून गुळगुळीत. व्हॉल्व्ह सुटला आणि थेट मॅनेजरच्या मांडीत जाऊन बसला.

मॅनेजर त्या वेळी अर्थिंगबद्दल बोलत होते. ते वाक्य अर्धंच राहिलं. या वयाचा माणूस स्टुलावर बसल्या जागेवरून इतका उंच उडू शकतो, हे पाहून डॉक्टरसुद्धा क्षणभर थक्क झाले. व्हॉल्व्ह मांडीवरून निघाला, हवेत एक गिरकी घेतली आणि फरशीवर पडून त्याचा भुगा झाला. मॅनेजर न बोलता, चालताना जरा पाय फाकवत, आपल्या घरी गेले. अर्थिंगचा विषय त्या इमारतीत पुन्हा निघाला नाही.

राहिले एकटा परदेशी व्हॉल्व्ह आणि डॉक्टरांची जोडी. निरीक्षकांनी वळून पाहिलं, तर डॉक्टर आपली जोडी भराभर कापसात गुंडाळत होते.

"डॉक्टर, तुमची लावू या ना."

"निरीक्षक, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मला संसार आहे."

बायको अजून चादर धरून उभी होती. तिच्याकडे न बघताच निरीक्षकांना तिचा चेहरा दिसत होता. उद्या ती तो नंबर लावणार. ज्या माणसाने बाजारातला एकही खोटा तराजू सोडला नाही, त्याने बायकोला दिलेला एक शब्द खोटा ठरणार होता. ते उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि खालमानेने म्हणाले, "आई, बाबांचा तो एक व्हॉल्व्ह कुठेय?"

सासूबाई आधण ठेवायला भांडं शोधत होत्या. त्यांनी चमच्यांच्या डब्यातून फडकं काढलं आणि हातावर ठेवलं.

एका बाजूला नवा परदेशी, दुसऱ्या बाजूला सासऱ्यांचा काळ्या बुडाचा. डॉक्टरांनी तोंड फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर किडलेली दाढ बघितल्याचा भाव होता. निरीक्षकांनी रेकॉर्ड लावली. बाई गायली. बरी गायली. ना सिनेमाएवढी, ना समोर उभी. गाणं संपलं, सुई उचलली, आणि स्पीकरमधून एक बारीक, खालच्या पट्टीतली घूंऽऽ तशीच येत राहिली.

"ऐका!" डॉक्टर म्हणाले. "हे ऐका! जोडी जुळलेली असली की दोघं मिळून ही घूं मारून टाकतात. विजोड असली की ती उरते. सांगत होतो मी! हा दोष आहे, दोष!"

निरीक्षकांचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात आतून हाक आली.

"चहा ठेवलाय होऽऽ!"

हाक मोठी होती, मोकळी होती, आणि शेवटचा 'हो' लांब खेचलेला होता. या घरात हा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. चादर खाली पडली. बायको दोन्ही हात तसेच वर ठेवून उभी होती.

"ही हाक," ती म्हणाली, "आई बाबांना मारायची."

सासूबाई हात पुसत दारात आल्या. आपण काय केलं ते त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. त्या ओशाळल्या. मग थांबल्या, मान जराशी कलती केली आणि ऐकू लागल्या. गाणं संपलेलं होतं. ऐकण्यासारखं त्या खोलीत दुसरं काहीच नव्हतं.

"हाच," त्या म्हणाल्या. "हा ह्यांचा."

"आई, हे गाणं नाही," निरीक्षक म्हणाले. "ही घूं आहे."

"गाणं मी कुठे ऐकलंय, जावईबापू? ते लावायचे तेव्हा मी आत. नळ चालू, फोडणी चालू. गाणं कोणतं, कोण गातंय, मला कधी कळलं नाही. पण गाणं संपलं की हे उरायचं." त्यांनी हवेत बोट दाखवलं. "हे चालू आहे म्हणजे ते अजून बसलेत. मग मी चहा ठेवायची. हे थांबलं म्हणजे ते उठले. मग मी ताटं घ्यायची. ते काही बोलायचे नाहीत, माहीत आहे ना तुम्हाला. पण मला एकदाही विचारावं लागलं नाही. ह्याने कधी चुकवलं नाही मला."

त्यांनी ॲम्प्लिफायरकडे पाहिलं.

"एकदाच खोटं बोललं. त्या दिवशी हे चालू होतं. मी चहा घेऊन गेले. तर ते..."

घूं चालू होती.

निरीक्षक खुर्चीत बसले. गेले कित्येक दिवस ते कान टवकारून खर्ज मोजत होते, तारा मोजत होते, बाईचा श्वास मोजत होते. आणि ही बाई भिंतीपलीकडे, नळाच्या आणि फोडणीच्या आवाजातून, इतकी वर्षं एक माणूस ऐकत होती. न बोलणारा माणूस, सबंध. निरीक्षकांनी जन्मात नाना तऱ्हेचे काटे पाहिले होते, सोनाराचे नाजूक, लाकडाच्या वखारीतले अगडबंब. इतका हळवा आणि इतका खरा काटा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना भरून आलं आणि जरा भीतीही वाटली, उंच ठिकाणावरून खाली बघताना वाटते तशी.

डॉक्टर पुढे झाले. ते मऊ आवाजात म्हणाले, "तसं पाहिलं तर ही घूं काढता येईल, निरीक्षक. एक नवीन जोडी..."

"डॉक्टर," निरीक्षक म्हणाले, "दुखत नसलेली दाढ तुम्ही काढता का?"

डॉक्टरांनी विचार केला. "नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले, आणि चहाला थांबले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी जावयाला बोलावून दाराशी पडलेली बॅग कपाटावर टाकायला सांगितली. रिकामी होती. आतलं सामान कधी लागलं कुणी पाहिलं नाही. बायकोने स्वयंपाकघराचा ताबा अर्धा सोडला आणि त्यावरून रोज थोडं भांडण होऊ लागलं, त्यामुळे घर घरासारखं वाटायला लागलं. सोफा अजून दारातच आडवा आहे. येणारा प्रत्येक जण त्याला ठेचकाळतो.

निरीक्षक आता रोज संध्याकाळी कचेरीतून आले की हात-पाय धुऊन ॲम्प्लिफायर लावतात. त्या विजोड कुप्या आधी अंधुक, मग केशरी होतात. एकीवर निळी झाक चढते, दुसरीवर नाही, आणि निरीक्षकांना त्यात काहीही गैर वाटत नाही. रेकॉर्ड संपते. घूं उरते. ते खुर्चीत बसून राहतात. कधी पेपर वाचतात, कधी डुलकी लागते.

आणि आतून सासूबाईंची हाक येते, "अहो, आहात ना?"

सासऱ्यांना ही हाक कधी आली नव्हती. तेव्हा विचारायची गरज नव्हती. आता सासूबाई घूं ऐकतात, आणि तरीही विचारतात.

निरीक्षक कितीही गाढ डुलकीत असोत, पेपरात कितीही बुडालेले असोत, ते लगेच मोठ्याने उत्तर देतात, "आहे, आई! आहे!"

मग आत चहाचं भांडं वाजतं.